बेणे मळ्यात आणि संगणकातही : दोष उगमापाशीच उपटावा



आपल्या कारंजा (घाडगे) भागातली बरीच मुले-मुली आज नागपूरच्या मिहानमध्ये किंवा पुण्याला हिंजवडीत संगणकाच्या कंपन्यांत नोकरीला आहेत. पोरगा काय काम करतो असे विचारले तर घरची माणसे सांगतात, "टेस्टर आहे." आणि टेस्टर म्हणजे काय, असे विचारले तर म्हणतात, "कॉम्प्युटरच्या चुका काढतो." हे उत्तर खोटे नाही, पण अर्धे आहे. उरलेले अर्धे उत्तर आपणा ऊस उत्पादकांच्या फार कामाचे आहे.

कारण असे की उसाची नोंद, तोडणीची पाळी, काट्यावरचे वजन आणि उसाचे बिल ही चारही कामे आता संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालतात. साखर आयुक्तालयानेसुद्धा २०२२ साली 'महा-ऊस नोंदणी' हे मोबाईलवरचे ॲप शेतकऱ्यांसाठी आणले. म्हणजे वर्षभराच्या मेहनतीचा हिशेब शेवटी एका प्रोग्रॅमच्या हातात जातो. त्या प्रोग्रॅमची पारख कोणी केली, केव्हा केली आणि कशी केली, हे सभासदाला कळलेच पाहिजे. म्हणून या अंकात लागवडीच्या नेहमीच्या लेखाऐवजी आम्ही हा विषय घेतला आहे.

प्रोग्रॅम म्हणजे काय?

प्रोग्रॅम म्हणजे संगणकाला क्रमाने दिलेल्या सूचनांची यादी. सालदाराला आपण सांगतो, "रात्री पाणी सोड." मध्येच धुरा फुटला तर तो आपल्या अकलेने पाणी बंद करतो. संगणक मात्र सांगितले तेवढेच करतो. धुरा फुटला तर काय करायचे हे आधी लिहून दिलेले नसेल, तर तो सकाळपर्यंत पाणी सोडतच राहील. तेव्हा संगणकाची चूक म्हणून आपण जी म्हणतो, ती बहुतेक वेळा माणसाचीच चूक असते. एकतर सूचना चुकीची लिहिलेली असते, नाहीतर लिहायची राहून गेलेली असते. या चुकीला तिकडची मंडळी 'बग' म्हणतात. बग म्हणजे किडा. आपल्याला हा शब्द समजायला जड जाऊ नये.

प्रोग्रॅम तयार होताना साधारण पाच पायऱ्या असतात. काय हवे ते विचारून घेणे, आराखडा करणे, सूचना लिहिणे, तपासणे आणि वापरात आणणे. टेस्टरचे काम चौथ्या पायरीवर सुरू होते असा सर्वसाधारण समज आहे. बरीच वर्षे कंपन्यांतही तसेच चालत असे. पण त्याने गुणवत्ता येत नाही. का येत नाही, ते उसाच्या उदाहरणाने पाहू.

उतारा प्रयोगशाळेत वाढत नाही

कारखान्याची प्रयोगशाळा साखर उतारा किती ते सांगते. पण प्रयोगशाळेत कितीही चांगला रसायनशास्त्रज्ञ बसविला तरी उतारा एका दशांशानेही वाढत नाही. तो फक्त मोजतो. उतारा वाढतो तो वावरात. योग्य जात, निरोगी बेणे, वेळेवर लागण, बेताचे पाणी आणि पक्व उसाची वेळेवर तोड यातून तो येतो. तोडणीनंतर ऊस उन्हात वाळला, तर जो होता तोही जातो.

आता बेणे घ्या. आपण त्रिस्तरीय बेणे मळ्याची पद्धत सांगतो. प्रथम मूलभूत बेणे, त्यापासून पायाभूत आणि त्यापासून प्रमाणित बेणे. या मळ्यात आमचे लोक वारंवार फिरतात. गवताळ वाढीचे बेट दिसले की मुळासकट उपटायचे. काणीचा चाबूक दिसला की त्यावर पिशवी घालून, काळी भुकटी न उडविता, बेट काढून नष्ट करायचे. असे का? तर एक एकर बेण्यातून आठ-दहा एकरांची लागण होते. त्याचे पुन्हा बेणे केले की शंभर एकरांच्या घरात जाते. मूलभूत मळ्यात एक बेट काढायला पाच मिनिटे लागतात. तेच राहून गेले, तर दोन वर्षांनी अनेक गावांत रोग फिरतो आणि मग खोडवा मोडण्याखेरीज इलाज राहत नाही.

प्रोग्रॅमचे अगदी असेच आहे. पहिल्या बैठकीत कागदावर सापडलेली चूक खोडरबराने पुसता येते. तीच सूचना लिहून झाल्यावर सापडली तर चार दिवसांचे काम उकलावे लागते. आणि हंगाम सुरू झाल्यावर सापडली तर हजारो सभासदांच्या नोंदी दुरुस्त कराव्या लागतात. तेव्हा चांगला टेस्टर हा प्रयोगशाळेत उतारा मोजत बसणारा माणूस नव्हे. तो बेणे मळ्यात पहिल्या दिवसापासून फिरणारा माणूस आहे. या लेखात आम्हाला मुख्यतः एवढेच सांगायचे आहे.

पहिल्या दिवशी विचारायचे प्रश्न

समजा, कारखान्याने प्रोग्रॅम करणाऱ्यास सांगितले, "तारखेच्या क्रमाने तोडणीची पाळी लावा." वाक्य सरळ आहे. प्रोग्रॅम लिहिणारा लगेच कामाला लागेल. पण टेस्टर बैठकीत असेल तर तो थांबवून विचारील :

तारीख कोणती, लागणीची की नोंदीची? खोडव्याला तारीख कोणती धरायची, मूळ लागणीची की आधीच्या तोडीची? एकाच तारखेचे चाळीस सभासद असतील तर त्यांच्यात पुढे कोण? ऊस जळाला तर त्याला मधेच पाळी कशी द्यायची आणि ती कोणाच्या सहीने? सातबारा वडिलांच्या नावे आणि ऊस मुलाचा, तर नोंद कोणाच्या नावावर? सभासद मयत झाला आणि वारसाची नोंद व्हायची आहे, तर बिल कुठे जमा होणार?

यातला एकही प्रश्न संगणकाचा नाही. सारे वावरातले आहेत. पण यांची उत्तरे आधी ठरली नाहीत, तर प्रोग्रॅम लिहिणारा आपल्या मनाने काहीतरी धरून चालेल आणि ते कोणाला कळणारही नाही. प्रश्न विचारणारा माणूस कटकट्या वाटतो. पण हंगामात गट कार्यालयापुढे होणारी गर्दी हाच माणूस टाळत असतो.

कोणी विचारील, की मग लिहिणाऱ्यानेच तपासून घ्यावे, वेगळा माणूस कशाला? लिहिणाऱ्यानेही तपासावेच, ते त्याचे कर्तव्य आहे. पण आपल्या वावरातले तण आपल्याला कमी दिसते, शेजाऱ्याला धुऱ्यावरूनच दिसते. लिहिणाऱ्याने जे गृहीत धरले ते तपासतानाही तो गृहीतच धरतो. म्हणून दुसरी नजर लागते. मात्र ही नजर शत्रूची नव्हे. टेस्टर आणि लिहिणारा यांनी एका बैलजोडीसारखे चालले पाहिजे. दोष सापडला म्हणून लिहिणाऱ्याला बोल लावला जाऊ लागला, की दोष लपविले जातात.

तपासणीचे प्रकार

तपासणी एकदाच करून भागत नाही. तिचे टप्पे असे :

१) तुकड्याची तपासणी : प्रोग्रॅमचा एक एक भाग सुटा तपासणे. उदाहरणार्थ, भरलेल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचे वजन बरोबर वजा होते की नाही. हे मुख्यतः लिहिणारा स्वतःच करतो.

२) जोडाची तपासणी : काट्यावरचे वजन बिलाच्या भागाकडे जसेच्या तसे पोचते का हे पाहणे. मोटार चांगली आणि पाइपही चांगला, पण जोड गळका असेल तर पाणी शेवटच्या सरीत पोचत नाही.

३) संपूर्ण तपासणी : नोंदीपासून बिलापर्यंत एक सभासद सगळा फिरवून पाहणे.

४) पुनर्तपासणी : एक चूक दुरुस्त केली की आधी बरोबर चालणारे सारे पुन्हा तपासणे. एका बाजूचा धुरा उंच केला की पाणी दुसऱ्याच बाजूने फुटते, हे आपण जाणतोच. हे काम वारंवार आणि कंटाळवाणे असल्याने अलीकडे त्यासाठीही प्रोग्रॅम लिहितात आणि ते रोज रात्री आपोआप तपासून ठेवतात.

५) स्वीकृती तपासणी : ज्याला वापरायचे आहे त्याने स्वतः वापरून 'ठीक आहे' म्हणणे. यात चिटबॉय, काट्यावरचा कारकून, गट कार्यालय आणि सभासद हे सारे आले.

उंदीर धुऱ्यात असतो

उंदीर मधल्या सरीत बिळे करीत नाही, धुऱ्यात करतो. प्रोग्रॅममधल्या चुकाही काठाला असतात. सुरू उसाच्या लागणीची मुदत १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी. जानेवारीतली तारीख घालून पाहिली तर प्रोग्रॅम बहुधा बरोबरच उत्तर देईल. जाणता टेस्टर १५ डिसेंबर, १४ डिसेंबर, १५ फेब्रुवारी आणि १६ फेब्रुवारी या चार तारखा घालून पाहतो. त्याशिवाय २९ फेब्रुवारी घालतो. ३१ डिसेंबरच्या रात्री बारा वाजता काट्यावर गाडी उभी असेल तर वजन कोणत्या दिवसात आणि कोणत्या पाळीत पडते ते पाहतो. वजन सुरू असताना वीज गेली तर गाडी दोनदा मोजली जाते का, तेही पाहतो. एकाच गावात एकाच नावाचे, वडिलांचेही नाव एकच असलेले दोन सभासद असतील तर एकाचा ऊस दुसऱ्याच्या खात्यात जातो का, हे तर मुद्दाम पाहतो.

एकराचे माप तर सर्वात धोक्याचे. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये आणि आपले बोलणे एकर-गुंठ्यात. सभासदाने अडीच एकर सांगितले आणि लिहिणाऱ्याने हेक्टरच्या रकान्यात अडीच टाकले, तर सहा एकरांहून जास्त ऊस संगणकात उभा राहतो. गावाला जरुरीपेक्षा जास्त टोळ्या निघतात आणि दुसऱ्या गावाला कमी पडतात. उलट झाले तर एका हेक्टरचा एकच एकर दिसतो. एका एकराची तोड होते आणि दीड एकर ऊस वावरात वाळत राहतो. चांगला प्रोग्रॅम अशा वेळी अडवून विचारतो, "सातबाऱ्यावरच्या क्षेत्रापेक्षा उसाचे क्षेत्र जास्त कसे?" हा प्रश्न प्रोग्रॅममध्ये घालायला लावणे, हे टेस्टरचे काम.

मापाची चूक मोठमोठ्यांनाही भोवली आहे. अमेरिकेच्या नासा संस्थेने मंगळाकडे पाठविलेले 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी नष्ट झाले. जमिनीवरचा एक प्रोग्रॅम आकडे पौंडाच्या मापात देत होता आणि दुसरा ते मेट्रिक मापात समजून घेत होता.  जोड तपासला गेला नव्हता.

दुसरे उदाहरण युरोपच्या 'एरियान ५' या अग्निबाणाचे. ४ जून १९९६ रोजी पहिल्याच उड्डाणात तो चाळीस सेकंदांच्या आसपास फुटला. आधीच्या 'एरियान ४' मध्ये उत्तम चाललेला प्रोग्रॅमचा एक भाग तसाच यात घेतला होता. नव्या बाणाचा वेग वेगळा होता. त्यातून आलेला आकडा ठरविलेल्या जागेत मावला नाही. नव्या बाणाच्या मार्गाचे आकडे घालून तो भाग तपासला गेला नव्हता. एका जमिनीत उत्तम आलेली जात दुसऱ्या जमिनीत चाचणी न घेता लावल्यासारखेच हे झाले. म्हणूनच पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राची जात अनेक ठिकाणी, अनेक हंगाम चाचण्या झाल्यावरच प्रसारित होते. कोल्हापूर-सांगलीकडे उसाला लागून ऊस असतो. आपल्याकडे कापूस, तूर, सोयाबीन आणि संत्र्याच्या मधे तुरळक ऊस. तिकडचा प्रोग्रॅम इकडे आणताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

आपल्या राज्यातला अनुभव

लांबचे कशाला, कर्जमाफीचेच घ्या. २०१७ साली राज्य शासनाने छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर केली. अर्ज ऑनलाइन भरून घेतले. लाखो शेतकऱ्यांची माहिती एकदम गोळा झाली आणि दिवाळीच्या तोंडावर, १८ ऑक्टोबर २०१७ रोजी, प्रमाणपत्रांचे वाटप सुरू झाले. त्यानंतर बँकांकडून आलेल्या माहितीतले घोळ बाहेर आले. एकच आधार क्रमांक अनेक शेतकऱ्यांच्या नावापुढे होता. याद्या पुन्हा तपासाव्या लागल्या आणि शेतकरी बँकेच्या दारात ताटकळला. योजना चांगली की वाईट, हा येथे प्रश्न नाही. एवढ्या मोठ्या कामात माहितीची तपासणी आधी व्हायला हवी होती, ती नंतर झाली, एवढेच ध्यानात घ्यायचे.

पुढे डिसेंबर २०१९ मध्ये महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना जाहीर झाली. या वेळी सगळी यादी एकदम लावली नाही. २४ फेब्रुवारी २०२० रोजी पहिली यादी निघाली ती फक्त ६८ गावांची, १५,३५८ शेतकऱ्यांची. सेवा केंद्रावर शेतकऱ्याने अंगठा देऊन आधार प्रमाणित करायचा, आपल्या खात्यावरची रक्कम स्वतः पाहायची, मान्य असेल तरच पुढे जायचे आणि नसेल तर तक्रार नोंदवायची. या थोड्या गावांत पद्धत चालवून पाहिल्यावर मग पुढच्या याद्या आल्या. म्हणजे आधी लहान मळा आणि मग मोठी लागण. दुसरी गोष्ट याहून मोलाची. यात रकमेची पारख खुद्द शेतकऱ्याने केली. त्या खात्याचे खरे काय ते त्याच्यापेक्षा जास्त कोणाला ठाऊक असणार?

ई-पीक पाहणीतही हेच दिसते. १५ ऑगस्ट २०२१ पासून ते ॲप राज्यभर आले. वापरताना अडचणी निघाल्या आणि २०२२ मध्ये सुधारित आवृत्ती आली. तिच्यात चुकलेली नोंद ४८ तासांच्या आत एकदा शेतकऱ्याला स्वतः दुरुस्त करण्याची सोय झाली आणि मुख्य पिकाबरोबर तीन दुय्यम पिके नोंदविण्याची सोय झाली. कपाशीत तूर घेणाऱ्या आपल्या भागाला ही दुसरी सोय किती जरुरीची होती हे सांगायला नको. असा प्रश्न पहिल्याच बैठकीत निघावा, यासाठी वावर पाहिलेला माणूस त्या बैठकीत हवा.

टेस्टरची मर्यादा

टेस्टरने 'पास' म्हटले म्हणजे प्रोग्रॅममध्ये दोष उरला नाही असा अर्थ नव्हे. बेणे मळ्यात रोगट बेट दिसले तर रोग आहे हे नक्की. दिसले नाही तर रोग नाहीच, असे कोणी लिहून देऊ शकत नाही. सगळ्या शक्यता तपासणे कोणालाही जमत नाही. म्हणून जिथे चुकीने जास्त नुकसान होते तिथे जास्त तपासायचे. आपल्याकडे अशा जागा तीन आहेत : नोंदीची तारीख, काट्यावरचे वजन आणि बिलाचे खाते. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे देणे आहे, न दिल्यास १५ टक्के व्याज आहे. बिलाच्या प्रोग्रॅममधली चूक ही नुसती कागदी बाब राहत नाही ती यामुळेच. आणि नोंदीची तारीख चुकून ऊस उन्हाळ्यापर्यंत उभा राहिला, तर वजनात जी घट येते ती कोणताही प्रोग्रॅम परत देत नाही.

आता तर संगणकच प्रोग्रॅम लिहून देऊ लागला आहे. लिहिणे स्वस्त झाले, पण पारख स्वस्त झाली नाही. उलट तिची जास्त गरज पडणार आहे.

शेतकी विभागाचे म्हणणे असे की कोणताही नवा प्रोग्रॅम गाळप हंगामाच्या मध्यात लावू नये. पावसाळ्यातच एक-दोन गटांत तो चालवून पाहावा आणि पहिल्या हंगामात त्या गटांत वही आणि संगणक दोन्ही नोंदी जोडीने ठेवाव्यात. दोन्हींत फरक पडला की कारण शोधावे. वही वाढीव खर्चाची वाटेल, पण चुकीच्या बिलांपेक्षा ती स्वस्त पडते.

सभासदांनी काय करावे?

१) ऊस नोंदीची पावती घरी नेण्याआधी तिथेच वाचावी. वाचता येत नसेल तर शाळेतल्या नातवाकडून वाचून घ्यावी, पण वाचावी.

२) त्यावर पाच गोष्टी पाहाव्यात : नाव व सभासद क्रमांक, गट नंबर, क्षेत्र आणि ते एकरात की हेक्टरमध्ये, उसाची जात, लागणीची किंवा खोडव्याची तारीख.

३) काट्यावरच्या पावतीवर भरलेल्या गाडीचे, रिकाम्या गाडीचे आणि निव्वळ उसाचे अशी तिन्ही वजने असावीत. वजाबाकी स्वतः करून पाहावी. पावत्या बिल मिळेपर्यंत जपाव्यात.

४) चूक दिसल्यास 'कॉम्प्युटरने चुकविले' एवढे सांगून भागत नाही. कोणत्या दिवशी, कोणत्या पावतीवर, काय हवे होते आणि काय आले, हे चार शब्दांत लिहून गट कार्यालयात द्यावे. टेस्टरही आपली चूक अशीच लिहितो. अशी लिहिलेली तक्रार लवकर सुधारते.

५) प्रायोगिक गटात आपले गाव आले तर टाळाटाळ करू नये. तिथे सापडलेली एक चूक शेकडो सभासदांचा हेलपाटा वाचविते.

बेणे मळ्यात आम्ही फिरतो तेव्हा मालकही बरोबर चालतो आणि पुष्कळदा रोगट बेट आमच्याआधी त्यालाच दिसते, कारण तो रोज तिथे असतो. कारखाना सभासदांचा आहे. तेव्हा त्याच्या प्रोग्रॅमचा मालकही सभासदच. नोंदीची पावती हातात पडली की पहिली नजर मालकाची पडावी, हीच विनंती.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग